चला, पाहून येऊ : चर्चगेटचे चर्च कुठे आहे?

बोईसर-पालघरकडच्या माणसाला चर्चगेट हे नाव नवे नाही. विरारला गाडी बदलली की समोरच्या लोकलवर तेच नाव लिहिलेले असते. कुणी मंत्रालयात कागद घेऊन जातो, कुणी कोर्टात तारखेला जातो, कुणी पोराच्या परीक्षेला. उतरायचे चर्चगेटला. आम्हीही गेली तीस वर्षे असेच जात आलो. पण आमच्या धाकट्या चिरंजीवांनी एकदा विचारले, "पप्पा, चर्चगेटचे चर्च कुठे आहे? आणि गेट कुठे आहे?" आम्ही गप्प. स्टेशनात चर्च नाही, स्टेशनाबाहेर गेट नाही. तीस वर्षांत हा प्रश्न आम्हांला एकदाही पडला नव्हता, ही खरी लाजेची गोष्ट.

मग ठरले, की एक सुट्टीचा दिवस त्या चर्चसाठी काढायचा. कारखान्याला सुट्टी, मुलांच्या शाळा-कॉलेजला सुट्टी. सौ. तयार, अकरावीतली कन्या तयार, चिरंजीव तर पहाटेपासून चप्पल घालून बसलेले. राहिली आमची आई. वय सत्त्याहत्तर. "मला कशाला नेता एवढ्या लांब? माझे गुडघे धरतात," हे पालुपद चालू. पण नातीने, "आजी, तू नाहीस तर मीही नाही," असे म्हटल्यावर ती लुगडे बदलून तयार झाली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी आणि बटाट्याची भाजी घेऊन पहाटेच्या डहाणू लोकलने आम्ही पाच जणांनी बोईसर सोडले. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, म्हणून हे असे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे जमते. त्याआधी मुंबईची सहल म्हणजे कुणा पाहुण्याकडे मुक्काम आणि त्याच्या घरच्यांची अडचण.

चर्चगेटला उतरून पूर्वेकडे तोंड केले की वीर नरिमन रोड लागतो. त्याचे जुने नाव चर्चगेट स्ट्रीट. सरळ चालत राहायचे. वाटेत ओव्हल मैदान येते आणि मैदानाच्या कडेला उच्च न्यायालयाची दगडी इमारत दिसते. १९२३ साली विलायतेहून परत आल्यावर बाबासाहेबांनी याच न्यायालयात वकिली सुरू केली. आम्ही तिथे थांबून मुलांना ती इमारत दाखवली. पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांचे स्मारक आणि शेजारी १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन. चिरंजीवांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. मुंबई शहराला पूर्वी तटबंदी होती. तिला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. हे चर्च गेट आताच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास होते. आतल्या चर्चकडे जाणारा तो दरवाजा, म्हणून चर्च गेट. १८६० नंतरच्या वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला, दरवाजा गेला. नाव मात्र रेल्वेने उचलले आणि ते आजपर्यंत टिकले. फोर्ट हे या भागाचे नावही त्याच तटाची आठवण आहे.

तिथून पाच-सात मिनिटे पुढे गेले, की झाडांमागे एक पांढुरका उंच मनोरा दिसतो. हेच ते चर्च. सेंट थॉमस कॅथेड्रल.

दाराशी आई थांबली. आम्हांला वाटले, गुडघे दुखत असतील. पण ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी हितंच बसते."

"का गं आई?"

"असू दे. दुसऱ्याचं देऊळ हाय. आपल्याला आत घेतील का न्हाय, कोण जाणे. उगा पोरांसमोर कुणी बोललं तर?"

वाचकहो, आम्ही क्षणभर काही बोललो नाही. ही बाई आठ वर्षांची असताना १९५६ची धम्मदीक्षा झाली. घरातले देव तिच्या वडिलांनी स्वतः नदीत सोडले. घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी, पौर्णिमेला विहारात वंदना. तिचा मुलगा कारखान्यात ऑपरेटर, नात अकरावीत शास्त्र शिकते. तरी पायात ती जुनी अडी अजून आहे. लहानपणी गावच्या जत्रेत देवळापासून दूर वडाखाली बसायचे आणि वरून टाकलेला खाऊ पदरात झेलायचा, हे तिने आम्हांला पूर्वी सांगितले होते. अंगावर पडलेले वेचायचे, खाली पडलेले झाडायचे. ते सत्तर वर्षांनी मुंबईच्या भर फोर्टात, एका चर्चच्या दाराशी वर आले.

नातीने काही भाषण केले नाही. तिने आजीचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, विचारून बघू. नाही म्हणाले तर दोघी मिळून बाहेर बसू." दाराशी एक वयस्कर गृहस्थ होते. तिने त्यांना विचारले, "काका, आम्ही ख्रिश्चन नाही. आत पाहायला येऊ का?" ते म्हणाले, "या ना. आजींना सांभाळून आणा, पायरी आहे." एवढेच. कुणी जात विचारली नाही, गाव विचारले नाही. आई आत आली आणि शेवटच्या बाकावर टेकली. किती वेळ ती नुसती वरच्या छताकडे पाहत होती.

आता या चर्चची हकिगत सांगतो. मुंबई बेट पोर्तुगिजांकडून इंग्रजांच्या राजाकडे आले आणि १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. जेराल्ड ऑन्जियर हा गव्हर्नर असताना १६७६ साली या चर्चचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी ऑन्जियर वारला. भिंती पंधरा फूट वर आल्या आणि काम थांबले. थांबले ते थोडेथोडके नाही, सुमारे चाळीस वर्षे. छप्पर नसलेल्या भिंती पावसात उभ्या राहिल्या. शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा करण्याचा नेट धरला, आणि १७१८च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले. त्या दिवशी रामा कामाठी नावाचे मुंबईतले बडे व्यापारी आपल्या जातभाईंसह हा सोहळा पाहायला आले होते, अशी नोंद कॉबने केली आहे. १८३७ साली थॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले आणि या चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. पाठोपाठ १८३८ साली मनोरा उंच केला. २००४ साली जीर्णोद्धाराच्या चांगल्या कामाबद्दल युनेस्कोने या इमारतीचा गौरव केला.

आमच्या चिरंजीवांना यातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच. जुन्या मुंबईत मैल मोजायचे ते या चर्चपासून. रस्त्याच्या कडेला काळ्या दगडाचे मैलाचे खांब रोवलेले असत आणि त्यांवर या चर्चपासून किती मैल, ते कोरलेले असे. त्यांतले काही दगड दादरसारख्या ठिकाणी फुटपाथमध्ये अर्धे गाडलेले सापडले आणि अलीकडच्या काळात ते नीट काढून उभे करण्यात आले. म्हणजे हे चर्च मुंबईचा शून्य मैल. चिरंजीवांनी लगेच हिशेब मांडला, "म्हणजे आपलं बोईसर इथून साठ-बासष्ट मैल!" रेल्वेचे किलोमीटर धरले तर शंभराच्या आसपास. हिशेब चुकलेला नाही.

दाराजवळच्या कारंज्याचीही गोष्ट आहे. त्याचा आराखडा विलायतेतल्या गिल्बर्ट स्कॉट या नामांकित वास्तुतज्ज्ञाने केला आणि पैसा दिला कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाने. त्यांनी मुंबईत ठिकठिकाणी सुमारे चाळीस पाणपोयांची कारंजी बांधून दिली. एक पारशी, ख्रिस्ती चर्चच्या दारात कारंजे बांधतो. आणि त्याच मुंबई इलाख्यात पुढे १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून आमच्या माणसांची डोकी फुटली. दोन्ही गोष्टी मुलांना एकाच दमात सांगितल्या. इतिहास असा जोडून सांगितला, की ध्यानात राहतो.

आत भिंती भरून संगमरवरी शिळा आहेत. कंपनीचे अधिकारी, शिपाई, आरमारातले कप्तान, त्यांच्या बायका. कन्या इंग्रजी वाचत होती आणि आजीला मराठीतून सांगत होती. आई प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी, "केवढ्याचा होता?" कुणी चाळिशीतला, कुणी पंचविशीतला, कुणी विशीही न गाठलेला. ताप, पटकी, लढाई, बुडालेली गलबते. मुंबईत आलेल्या साहेबाने दोन पावसाळे काढले तर पुष्कळ, अशी त्यांच्यात म्हण होती. एका विशीतल्या पोराच्या शिळेपुढे आई म्हणाली, "त्याची पण आय असंल की तिकडं. तिला कधी कळलं असंल?" राज्य करायला आलेल्यांविषयी आमच्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही. पण आईच्या तोंडून ते ऐकले आणि शिळेवरचा तो परका मुलगा आम्हांलाही दिसला.

एका स्मारकाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. जोनाथन डंकन हा १७९५ ते १८११ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. तो इथेच वारला. त्याच्या स्मारकात लहान मुलांच्या आकृती आहेत, आणि बनारस व काठेवाड भागातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. त्या भागांतल्या काही राजपूत घराण्यांत मुलगी जन्मली की तिला मारून टाकीत. डंकनने त्याविरुद्ध खटपट केली. सौ. त्या स्मारकापुढे बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, हे दोनशे वर्षांपूर्वीचं. आणि आपल्याकडे गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा करावा लागला तो १९९४ साली." बरोबर आहे. पण दुसरी बाजूही सांगतो. याच डंकनने १७९१ साली बनारसला संस्कृत पाठशाळा काढली. तिथे धर्मशास्त्र शिकवायला ब्राह्मण पंडितच. ज्या शास्त्रांनी आम्हांला गावाबाहेर ठेवले, त्यांना सरकारी खजिन्यातून पगार. म्हणून दगडावर लिहिलेले वाचावे जरूर, पण दगडावर काय लिहिलेले नाही, तेही विचारावे.

हेच आई तिच्या भाषेत म्हणाली. बाकावर हात फिरवून, मग खांबाच्या दगडाला तळवा लावून तिने विचारले, "ह्यो दगड कुणी वाहिला? त्यांची नावं कुठं हायत?"

हा प्रश्न विचारण्याचा तिला अधिकार आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते, तेव्हा १९६५च्या सुमारास सोळा-सतरा वर्षांच्या माझ्या आईने तिथे घमेली वाहिली. १९६९ साली ते केंद्र वीज देऊ लागले. देशातले पहिले. पुस्तकात शास्त्रज्ञांची नावे आहेत आणि ती असायलाच हवीत. घमेली वाहणाऱ्यांचा हजेरीपट मात्र मुकादमाबरोबर गेला. आमच्या घरात वीज आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. सेंट थॉमसच्या भिंतींतही असेच कितीतरी हात असतील. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाणी भरणारे. त्यांची शिळा कुठेही नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. काही बांधव विचारतील, की बौद्धाने चर्चमध्ये जावे कशाला? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाशी काय देणेघेणे? आमचे उत्तर असे. आम्ही तिथे काही मागायला गेलो नव्हतो. हात जोडले नाहीत, मेणबत्ती लावली नाही. पाहायला गेलो, वाचायला गेलो. जे प्रार्थनेला बसले होते त्यांना त्रास होऊ नये म्हणून हळू बोललो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे आणि स्वतःची वाट न सोडणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तोही देवाची भेट हवी म्हणून नव्हता. माणूस म्हणून कोणत्याही सार्वजनिक दारातून आत जाण्याचा हक्क हवा, म्हणून होता. आणि धर्म बदलला की जात आपोआप सुटते असेही नाही. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती समाजातही जात मागोमाग आली, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. म्हणून कुठे गेलो तरी डोळे उघडे ठेवावेत. पण दाराबाहेर मात्र बसू नये.

चर्चमधून बाहेर पडून दोन मिनिटे चालले, की हॉर्निमन सर्कल. मध्ये गोल बाग आणि भोवती एकाच घाटाच्या इमारतींची कमान धरलेली रांग. इमारतींच्या पुढे कमानींचा पडवीसारखा रस्ता, त्यामुळे ऊन-पावसात चालता येते. बागेतल्या बाकावर आम्ही डबा सोडला. सुकटाच्या चटणीचा वास सुटला तेव्हा शेजारच्या बाकावरच्या साहेबाने मान वळवली. सौ. ओशाळल्या, आई नाही. तिने त्याला विचारले, "घेता का भाकर?" तो हसला आणि उठून गेला. बोंबील-सुकट खाणाऱ्यांच्याच या बेटावर शहर उभे राहिले, हे त्याला कोण सांगणार?

या बागेच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते. त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागत, म्हणून कॉटन ग्रीन असेही नाव पडले. पुढे कापूस कुलाब्याकडे हलला आणि मैदानाचा उकिरडा झाला. तेव्हा पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट याने इथे गोल बाग व भोवती इमारती करण्याची कल्पना मांडली. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सुबत्तेच्या दिवसांतच हे काम निघाले. १८७२च्या सुमारास बाग तयार झाली. नाव पडले एल्फिन्स्टन सर्कल. समोरच्या वडाखाली दलाल मंडळी जमून शेअर्सचे सौदे करीत. त्यांनीच १८७५ साली आपली संस्था काढली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. त्याच कापसावर पुढे गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्या गिरण्यांत कोकण-घाटावरून आलेले आमचे आजे-पणजे राबले. तिथेही विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धागा तुटला तर तो तोंडाने ओढावा लागे. जास्त पगाराचे खाते म्हणून नेमके तेच खाते बंद.

स्वातंत्र्यानंतर या चौकाला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव दिले. जन्माने इंग्रज, पण 'बॉम्बे क्रॉनिकल' या पत्राचे संपादक म्हणून ते सरकारविरुद्ध निर्भयपणे लिहीत. १९१९ साली जालियनवाला बागेचे हत्याकांड झाले, त्याच महिन्यात सरकारने हॉर्निमन यांना देशाबाहेर काढले. १९२६ साली ते परत आले आणि पुन्हा लेखणी धरली. एका गव्हर्नराचे नाव पुसून एका संपादकाचे नाव चौकाला दिले, हे आम्हां वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांना विशेष वाटते. हॉर्निमनना घालवले त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी याच मुंबईत 'मूकनायक' काढले. एका बाजूला बोलणाऱ्याचे तोंड बंद केले जात होते, दुसऱ्या बाजूला मुक्याला तोंड फुटत होते. चौकाच्या कडेला 'मुंबई समाचार' या गुजराती पत्राची लाल इमारतही आहे. १८२२ साली निघालेले हे पत्र आजही चालू आहे.

बागेच्या समोर उंच पायऱ्यांचा, जाड दगडी खांबांचा टाऊन हॉल. १८३३ साली पुरा झाला. चिरंजीवांनी पायऱ्या मोजल्या, तीस भरल्या. इथेच एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. ही संस्था १८०४ साली जेम्स मॅकिन्टॉश याने स्थापन केली. सुरुवातीची सुमारे पस्तीस वर्षे हिंदी माणसाला सभासद करून घेत नसत. हिंदुस्थानचा अभ्यास करणारी संस्था आणि हिंदुस्थानच्या माणसाला दार बंद! देवळाचे दार आणि ग्रंथालयाचे दार, बंद करण्याची तऱ्हा थोडीफार सारखीच असते. सुट्टीमुळे त्या दिवशी दारे लावलेली होती. चूक आमचीच. आम्ही पायथ्याशी उभे राहिलो आणि ज्या गोष्टीसाठी एवढे लांब आलो होतो ती आईला सांगितली.

"आई, येताना गाडीत नालासोपारा लागलं ना?"

"लागलं की."

"तिथं पूर्वी मोठं बंदर होतं. शूर्पारक म्हणत. तिथल्या एका टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणलं. आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. तिच्यात एकात एक करंडक, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याची फुलं. आणि मातीच्या पात्राचे तुकडे. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. भोवती बुद्धांच्या आठ धातूच्या मूर्ती. हे सगळं तिथून इथं, या सोसायटीत आणून ठेवलं."

आई पायऱ्यांकडे पाहत राहिली. "आपल्या सोपाऱ्याचं? हितं? आणि आम्ही रोज त्याच गाडीनं जातो-येतो."

होय, आपल्याच सोपाऱ्याचे. बौद्ध परंपरेत ज्या स्थविर पुण्णाने सूनापरांताच्या दांडग्या लोकांत निर्भयपणे धम्म नेला, त्याचे नाव या सोपाऱ्याशी जोडलेले आहे. ती ओळख काळाच्या ओघात पुसली. लोकांच्या तोंडी राहिला तो बुरूड राजा. टोपल्या विणणाऱ्या जातीच्या नावाचा राजा! नाव बदलले, पण तिथे कुणी मोठा माणूस होता, एवढी आठवण साध्या लोकांनी जपली.

आणखी एक गोष्ट. त्याच १८८२ साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला. १९५६ म्हणजे आपल्या दीक्षेचेच वर्ष. हे दगड इथून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आठव्या लेखात आहे काय? पूर्वीचे राजे मौजेच्या सहली काढीत, शिकार करीत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून सहलीची रीतच बदलली. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, दान द्यायचे, म्हाताऱ्यांची विचारपूस करायची, खेड्यातल्या माणसांशी बोलायचे आणि धम्माची चर्चा करायची. त्यातच त्याला जास्त आनंद वाटे. बावीसशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात लोकांनी वाचावे म्हणून हे दगडावर कोरले होते. सहल कशी करावी, याचा याहून चांगला धडा आम्हांला तरी ठाऊक नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. आईला कुणीतरी बसायला जागा दिली. नालासोपारा आले तेव्हा ती खिडकीतून बाहेर पाहत होती. अंधारात इमारतींच्या दिव्यांशिवाय काही दिसत नव्हते, तरी पाहत होती. मग म्हणाली, "पुढच्या सुट्टीला हितं उतरायचं. आणि त्या पायऱ्यांच्या घरात परत जायचं. दार उघडं असंल तवा."

"आत जाशील ना गं, आजी?"

"आता विचारायचं शिकले न्हाय का मी?"

घरी आल्यावर कन्येने वहीत दिवसाची हकिगत लिहिली. चर्चचा पाया १६७६, उघडले १७१८, बाग १८७२, सोपारा १८८२. शेवटी तिने एक ओळ लिहिली, 'माझी आजी, तारापूर अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कामाला, १९६५.' खाली आईने सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, थोडी थरथरती. आमच्या घरची शिळा ती हीच.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. सुट्टीचा दिवस धरू नका, नाहीतर आमच्यासारखे पायथ्यावरून परत याल. सोसायटीतल्या सोपाऱ्याच्या वस्तू रोज उघड्यावर मांडलेल्या नसतात, म्हणून आधी पत्राने विचारा. विहारातल्या मंडळींनी मिळून एक पत्र लिहिले तर उत्तम. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर थांबा, फोटो विचारून काढा. डबा घरचा न्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. वाटेत त्यांनी आपल्या हाताने काय बांधले, काय वाहिले, कोणत्या साली, ते विचारा आणि मुलांकडून वहीत लिहून घ्या. ते पाहुण्यांना कुठल्याही भिंतीवर वाचायला मिळणार नाही.

पुढच्या वेळी सोपाऱ्याच्या स्तूपावर भेटू. तोवर सर्वांना सप्रेम जयभीम.